सतरा नंबरची रिकामी जागा

बस कधी येईल, असं आमच्या सरांना स्टॉपवर कुणी विचारलं तर ते म्हणायचे, "काल सव्वादहाला आली होती." तब्येत कशी आहे विचारलं तर, "सकाळपर्यंत बरी होती." त्यापुढचं ते बोलायचे नाहीत, कारण त्यापुढचं त्यांनी पाहिलेलं नसायचं. विचारणारा माणूस आधी चक्रावायचा, मग चिडायचा आणि शेवटी दुसऱ्या कुणाला तरी विचारायचा. सरांना त्याचं काही वाटायचं नाही. शहराचं नाव बदललं तेव्हा कुणीतरी त्यांना मुद्दाम डिवचलं, "काय सर, आता काय म्हणणार?" सर म्हणाले, "दोन्ही लिहून ठेवा. तारखेसकट." आणि चहा प्यायला लागले.

ते आम्हाला इतिहास शिकवायचे. शाळा छावणीच्या कडेला होती, आणि शाळेपासून चालत दहा मिनिटांवर गोऱ्या सोजिरांचं जुनं कब्रस्तान. कडुलिंबाची झाडं, पडकी भिंत, एक लोखंडी फाटक आणि फाटकाशी खुर्ची टाकून बसलेले रखवालदार चाचा. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की सर नववीच्या वर्गाला रांगेनं तिकडं न्यायचे. चाचा लांबूनच ओरडायचे, "आज कित्ते लाए मास्टर?"

"जिंदे छत्तीस," सर म्हणायचे. "मुर्दे तुम गिन लो."

हा संवाद वर्षभर दर शनिवारी व्हायचा आणि दोघंही दर शनिवारी नव्यानं हसायचे.

पहिल्या शनिवारी आमच्यापैकी निम्म्यांच्या खिशात लिंबू होतं. माझ्या मैत्रिणीच्या आईनं तर तिच्या दप्तराला बिब्बा बांधला होता. सरांनी सगळ्यांची लिंबं गोळा केली, चाचांना दिली, चाचांनी त्याचं सरबत केलं आणि आम्हालाच पाजलं. मग सरांनी पहिला नियम सांगितला, "आधी सलाम, मग सवाल." म्हणजे कुठल्याही कबरीपाशी गेलं की आधी हात जोडायचे, वाकायचं, आपलं नाव सांगायचं. मग वही उघडायची. "कुणाच्या घरात शिरताना तोंड उघडून विचारत सुटता का, तुम्ही कधी मेला म्हणून?" असं ते म्हणायचे.

त्यानंतर वाटप झालं. प्रत्येकाला वर्षभरासाठी एक कबर. तिच्यावरचं गवत काढायचं, दगड साध्या पाण्यानं धुवायचा, अक्षरं वाचायची, त्याचं मराठी करायचं, त्या माणसाबद्दल मिळेल ते शोधायचं आणि सगळा दगड तोंडपाठ करायचा. शनिवारची हजेरीसुद्धा कबरीच्या नंबरानं व्हायची. "पाच!" "हाजीर." "अकरा!" "हाजीर." वर्षभर एकाही शनिवारी सरांनी मला माझ्या नावानं हाक मारली नाही. मी सतरा होते.

बाकीच्यांना कप्तान मिळाले, मेजर साहेब मिळाले, एकाला तर घोड्यावरून पडून मेलेला डॉक्टर मिळाला आणि तो वर्षभर त्या डॉक्टरच्या ऐटीतच फिरला. माझ्या वाट्याला अर्धा दगड आला. वरचा भाग निखळून कधी गेला कुणाला ठाऊक. उरलेल्या दगडावर होतं ते असं: "... हिच्या आठवणीसाठी. रिसाल्यातल्या बिगुलवाल्याची लाडकी बायको. वय वर्षं एकोणीस. तापानं गेली. हा दगड ... यांनी प्रेमानं बसवला." बाई कोण ते नाही, बसवला कुणी ते नाही. मी तोंड पाडून सरांकडं गेले. "सर, मला पुरी कबर द्या ना."

"पुरी कुणाचीच नसती," सर म्हणाले. "तुझ्या कबरीचं तोंडावर दिसतंय, एवढंच."

हे एवढं वाचायलाही मला दोन महिने लागले. सरांच्या पिशवीत दाढीचा गोल आरसा आणि दाढीचा जुना ब्रश असायचा. ब्रशानं अक्षरांतली माती काढायची. मग एकानं उन्हात उभं राहून आरशातून दगडावर उजेड पाडायचा, तो समोरून नाही, आडवा, बाजूनं. समोरून उजेड पडला की झिजलेलं अक्षर सपाट होऊन जातं, आडवा पडला की त्याच्या कडेला सावली धरते आणि ते वर येतं. "तापानं" हा शब्द मला असा दिसला तेव्हा मी एवढ्या जोरात किंचाळले की चाचा काठी घेऊन धावत आले. आरसा आणि ब्रश दोन्ही पिशवीत असल्यामुळं शनिवारी सर दाढी न करताच यायचे, हे मला फार नंतर कळलं.

आता त्या रिकाम्या जागांचं. पाठ म्हणताना जिथं दगडावर अक्षर नाही तिथं बोटाच्या पेरानं बाकावर टकटक करायची, हा सरांचा दुसरा नियम, आणि खरं तर त्यांचा सगळा इतिहास एवढ्यातच होता. गाळून पुढं जायचं नाही, अंदाजानं भरायचंही नाही. टकटक करायची, म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं की इथं काहीतरी होतं आणि ते आपल्याला माहीत नाही. "जे दिसत नाय ते बोलायचं नाय," सर म्हणायचे. "पण ते होतं, हे सांगायला इसरायचं नाय." निबंधात कुणी 'थोर', 'महान' असं लिहिलं की ते शब्दाभोवती लाल गोल करून समासात लिहायचे, "तू पाह्यलं का?" एकदा तर शाळेत आलेल्या लग्नपत्रिकेवर त्यांनी 'शुभविवाह' मधल्या 'शुभ' वर लाल गोल केला. पत्रिका हेडसरांच्या पुतणीची होती.

शाबास, छान, उत्तम असले शब्द सरांच्या तोंडात नव्हते. दगड जसा आहे तसा, एकही टकटक न चुकवता म्हटला की ते मान खाली घालून ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "बरोबर." बस्स. त्या एका शब्दासाठी अख्खा वर्ग जीव टाकायचा. पस्तीस जणांना तो कधी ना कधी मिळाला. मला मिळाला नाही. माझी जीभ फार घाईची, टकटक मी उरकून टाकायची. सर म्हणायचे, "सतरा, जागा खाल्लीस. परत." मी पहिली येणारी मुलगी, माझ्या वहीला कधी लाल रेघ माहीत नाही, आणि हा माणूस मला दर शनिवारी 'परत' म्हणायचा. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं कौतुक गोडही लागायचं नाही.

घरी वेगळाच वांधा होता. माझे वडील एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. शिकलेलं सगळं ते माझ्याकडून ऐकून घ्यायचे, पण कबरीचं ऐकलं आणि बिघडले. "आपल्या मान्सांची नावं कुठल्या दगडावर हायेत? अन् तू गोऱ्यांच्या बायकांची पाठ करती व्हय?" म्हणाले. आमच्या घरात बुद्धवंदना व्हायची, पुस्तकांचं कपाट होतं, आणि कुणापुढं उगाच वाकायचं नाही हे आम्हाला चालायला शिकायच्या आधी शिकवलेलं. मी दगडाला वाकते हे ऐकून तर वडील जेवले नाहीत.

मी हे सरांना सांगितलं. त्याच संध्याकाळी सर सायकलवरून आमच्या दारात हजर. त्यांनी चहा घेतला. मग म्हणाले, "तुमचे आजोबा काय करायचे?"

"छावणीतच व्हते," वडील म्हणाले. "खड्डे खणायचे. कब्रस्तानातबी खणले, असं सांगायचे आमचे बाबा."

सरांनी पिशवीतून जाड वही काढली. तिच्यात डाव्या पानावर एकेका दगडाची नक्कल होती आणि उजवं पान कोरं, किंवा थोडंसं भरलेलं. भिश्ती, घोड्यांचा मोतद्दार, धोबी, दगड घडवणारा पाथरवट, ज्याचं ज्याचं नाव आसपासच्या वस्त्यांतून त्यांना मिळालं होतं ते. "नाव सांगा," सर म्हणाले.

"सटवा. सटवा केरू."

सरांनी सतराव्या कबरीसमोरचं कोरं पान काढलं. वडील वाकून बघत होते. इतका वेळ ताठ बसलेला माणूस एकदम पुढं सरकला. "लिहा की, हिच्या कबरीचा खड्डा त्यांनीच खणला म्हणून!"

"तुम्ही पाह्यलं का?"

"नाय."

"तुमच्या बाबांनी सांगितलं का?"

"तसं नाय... पर खणला असंल ना?"

"मग 'छावणीत खड्डे खणायचे, कब्रस्तानातही खणले, असं घरात सांगतात' एवढंच लिहितो," सर म्हणाले, आणि तेवढंच लिहिलं. मला वाटलं, आता वडील भडकणार. वडिलांनी ते पान दोनदा वाचलं आणि आईला म्हणाले, "मास्तरला जेवून जाऊ दे." पुढच्या शनिवारी ते सुट्टी टाकून पाण्याचा कॅन घेऊन कब्रस्तानात आले. त्यानंतर चाचांच्या हिशोबात जिंदे सदतीस झाले.

हे असंच चालू राहिलं असतं. पण थंडीत आमच्या वर्गातल्या दोन पोरांना एकाच आठवड्यात ताप आला, आणि काही पालकांनी सह्यांचं निवेदन दिलं की पोरांना मसणवट्यात नेऊन बाहेरची बाधा होते. हेडसर घाबरट. त्यांनी वर कळवलं. वरून, शिक्षण खात्यातून, साहेब येणार असं ठरलं. साहेब मुलांचं काम बघतील आणि शनिवार चालू ठेवायचे की बंद करायचे ते तिथंच सहीनिशी सांगतील.

हेडसरांनी साहेबांपुढं म्हणायला मला निवडलं, कारण माझा आवाज खणखणीत. आदल्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "हे बघ, गडगड म्हण. मधी मधी ते टकटक करू नको. साहेबाला वाटंल पोरगी अडकली. अडकली की गेलं काम."

मी रात्रभर विचार केला असं मी म्हणणार नाही. मी गाढ झोपले. सकाळी हॉलमध्ये उभी राहिले तेव्हासुद्धा मला टकटकच करायची होती. पण समोर साहेब, त्यांच्यापुढं टेबलावर तो कागद, त्यांच्या हातात उघडं पेन, आणि कोपऱ्यात उभे असलेले सर, मान खाली घालून. मला एकदम वाटलं की हे शनिवार आता माझ्या जिभेवर आहेत. आणि जीभ माझी घाईची. पहिली रिकामी जागा आली आणि मी म्हणाले, "रोझी! रोझी हिच्या आठवणीसाठी!" आमच्या गल्लीतल्या दवाखान्यातल्या सिस्टरचं नाव रोझी होतं. मला माहीत असलेलं तेवढं एकच ख्रिस्ती नाव. दुसऱ्या जागी "रिसाल्यातल्या सर्व शिपाई बांधवांनी" घातलं. गडगड झालं. हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

साहेबांचे डोळे खरंच भरले. "रोझी," ते म्हणाले. "अरेरे. एकोणीस वर्षांची पोर." आणि त्यांनी सही करायला कागद पुढं ओढला.

"साहेब, एक दुरुस्ती आहे," सर कोपऱ्यातून म्हणाले. "ते नाव दगडावर नाय."

हेडसरांनी कपाळाला हात लावला. साहेबांनी वर बघितलं. "म्हणजे?"

"नाव पोरीनं घातलं. दगड तिथं तुटलेला हाय. बसवणाऱ्यांचंबी तसंच."

"म्हणजे तुमची मुलं मनानं काहीबाही रचून सांगतात? मग हा कसला इतिहास, मास्तर?"

"म्हणूनच दुरुस्ती केली," सर म्हणाले.

साहेबांनी पेनला टोपण लावलं. पुढचा आदेश येईपर्यंत शनिवार बंद.

मी हॉलबाहेर सरांना गाठलं. मी रडत होते आणि ओरडतही होते. शिक्षकांवर ओरडण्याची ती माझी पहिली आणि शेवटची वेळ. "तुम्ही एक मिनिट गप बसला असता तर काय झालं असतं? मी तुमच्यासाठीच केलं ना!"

सरांनी माझ्याकडं बघितलं. त्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "सतरा," ते म्हणाले, "तिला तिचं नाव होतं. तू दुसरंच दिलंस."

एवढं बोलून ते सायकल काढायला गेले.

शनिवार बंद झाले का? नाही झाले. आदेशात लिहिलं होतं, शाळेनं मुलांना नेऊ नये. सर पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर स्वतःच्या वेळात एकटे निघाले. फाटकाशी पोचले तर आमचे वडील अकरा पोरांना घेऊन तिथं आधीच उभे. शाळेनं आणलेलं नव्हतं, पालकानं आणलं होतं. चाचांनी विचारलं, "आज कित्ते?" "जिंदे बारा," सर म्हणाले म्हणे. म्हणे, कारण मी तिथं नव्हते. बाप पाण्याचा कॅन घेऊन जायचा आणि लेक घरी अंथरुणात तोंड खुपसून पडायची. वर्ष संपेपर्यंत माझ्या कबरीवरचं गवत वडिलांनी काढलं. दहावीला मी हट्टानं दुसऱ्या शाळेत नाव घातलं. सर रस्त्यात दिसले की मी गल्ली बदलायची. त्यांनी मला चारचौघांत खोटं पाडलं, हे सांगून मी बरीच वर्षं राग पोसला. खरं कारण वेगळं होतं. त्यांचं 'बरोबर' मला मिळालं नव्हतं आणि आता कधी मिळणार नाही, हे मला सोसत नव्हतं.

आता मी स्वतः शिक्षिका आहे. रोज सकाळच्या बसनं फुलंब्रीकडं जाते. तिथं सोजिरांचं कब्रस्तान नाही, पण पारावरचे वीरगळ आहेत, विहिरीवरचा लेख आहे, आणि माझ्या पोरांच्या बोटांची पेरं बाकावर आपटून दणकट झालेली आहेत. शेजारच्या वर्गाच्या बाई तक्रार करतात की तुमच्या तासाला सुतारकाम चालतं का. इतकं सगळं सरांचं उचललं आणि सरांना मात्र भेटले नाही, हा माझा कोडगेपणा.

मागच्या दिवाळीत वडील म्हणाले, "मास्तरला झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणंबी तुटलंय. जाती का नाय?" ते तेवढंच म्हणाले, पण माझी चप्पल दाराबाहेर सरळ करून ठेवली.

हडको वसाहतीतल्या लहानशा घरात सर खिडकीशी खाटेवर उशांना टेकून बसले होते. दाढी वाढलेली. खिडकीत तोच गोल आरसा. मी दारातच हात जोडले, वाकले, आपलं नाव सांगितलं. आधी सलाम.

सरांनी निरखून बघितलं. "स... सतरा," ते म्हणाले, आणि डाव्या हातानं खाट थोपटली. मी बसले.

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, भारी मायेच्या. सरांचा शब्द अडकला की त्या लगेच पुढचा पुरवायच्या. सर म्हणायचे, "मला जरा..." आणि काकू, "पाणी हवंय." "नाय, ते..." "पंखा लावू का?" सर वैतागून डोळे मिटायचे. माणसानं आयुष्यभर पोरांना रिकाम्या जागा भरू दिल्या नाहीत आणि आता घरात दिवसभर त्याच्याच जागा भरल्या जात होत्या. मला हसू आलं.

पंधरा-सोळा वर्षं मनात ठेवलेला सवाल मी विचारून टाकला. "सर, त्या दिवशी साहेबांपुढं मी ते नाव घातलं. तुम्ही मला माफ केलं का?"

सर मग माझ्याकडं वळले. तोंड वाकडं होत होतं, शब्द एकेक ओढून काढत होते. "मी... तुला... त्या दिवशी..." आणि अडकले. ओठ हलले, काही आलं नाही. डावा हात उचलून त्यांनी खाटेच्या लाकडी कडेवर पेरानं टकटक केली. मग पुढचे दोन शब्द आले. "... पाहिजे होतं."

"माफ करायला पाहिजे होतं, असं म्हणतायत," काकू डोळे पुसत म्हणाल्या.

सरांनी मान हलवली. नाही.

"मग... वर्गात नेऊन सांगायला पाहिजे होतं? असं का हो?"

सरांनी पुन्हा मान हलवली आणि पुन्हा टकटक केली, या वेळी जोरात. काकू आणखी काही सुचवणार होत्या. मी त्यांचा हात धरला. "राहू द्या काकू. तिथं अक्षर नाही."

मी सरांना ओळखते. त्या जागी 'जवळ घ्यायला' असेल, 'आणखी रागवायला' असेल, 'परत म्हणायला लावायला' असण्याचीही दाट शक्यता आहे. मला जे हवं ते मी तिथं घालू शकले असते आणि सुखानं घरी गेले असते. रोझी एकदा घालून झाली होती.

मी नीट मांडी घातली, पाठ ताठ केली. आणि सरांचंच वाक्य त्यांच्यापुढं म्हटलं, घाई न करता. "मी तुला त्या दिवशी," मी म्हणाले. मग पेरानं खाटेच्या कडेवर टकटक केली, त्यांनी केली तेवढीच, आणि जागा पूर्ण होईपर्यंत थांबले. बाहेर एक रिक्षा वळून गेली. मग मी म्हणाले, "पाहिजे होतं."

सर मान खाली घालून ऐकत होते. मान तशीच ठेवून, न अडखळता, एका दमात ते म्हणाले,

"बरोबर."